बारशाआधी नाव ठरवताना
पहिल्यांदाच आई होते आहेस, म्हणून सांगते. आजीच्या पिढीत धोंडू, दगडू अशी नावं मूल जगावं म्हणून मुद्दाम ठेवायचे. मग कुसुम, शालिनी आल्या. आमच्या वर्गात तीन संजय होते आणि दोन सुनीता. आता विहान, अद्विक, कियारा. हौसेने शोधलेलं नवं नाव बाळ बालवाडीत जाईपर्यंत नवं राहत नाही, हे धरूनच चाल.

अर्थ नेटवरच्या यादीतून घेऊ नकोस. ‘अंश’ जोडून केलेल्या कित्येक नावांच्या पहिल्या भागाला संस्कृतात अर्थच सापडत नाही. शब्दकोश उघडून बघ. मग दारात उभी राहून मोठ्याने हाक मार. माझ्या भाचीच्या बारशाला तिची आत्या कानात ‘कुर्र’ करायला वाकली आणि नावावरच अडखळली. पणजीला तर ते शेवटपर्यंत उच्चारता आलं नाही. फार लागलं मला ते.

घाई नको. जन्माची नोंद नावाशिवायही होते, १२ महिन्यांत नाव विनाशुल्क घालता येतं. आणि महाराष्ट्रात १ मे २०२४पासून जन्मलेल्यांच्या सरकारी कागदांवर बाळाच्या नावानंतर आईचं, मग वडिलांचं नाव, शेवटी आडनाव. चारही एका दमात म्हणून बघ.