दिवाळीचं शुभेच्छापत्र प्रत्येकाचं नाव घालून मोबाइलवरून कसं पाठवायचं?

कॅनव्हा या डिझाइनच्या अ‍ॅपची मोफत आवृत्ती पुरते. तयार नमुना निवडून त्यात आपला मजकूर घाला. फॉन्ट देवनागरीचाच घ्या आणि ‘श्री’, ‘च्छ’ नीट उमटलेत का, ते मोठं करून बघा. मग त्याच पानाच्या प्रती काढून एकेकावर नाव बदलत जा. पण नुसतं नाव बदलून भागत नाही. खाली त्या माणसापुरती एक ओळ हवीच: ‘मावशी, यंदा चकल्या तुझ्याच भाजणीच्या केल्यात.’ मावशी वाचेल ती हीच ओळ! प्रत्येक पान पीएनजी, म्हणजे चित्राची फाइल, म्हणून मोबाइलवर उतरवून व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे बारीक अक्षरं धूसर होत नाहीत. आजी-आजोबांना मात्र एचडी फोटोच पाठवा. डॉक्युमेंट उघडताना ते अडतात. आणि कुटुंबाच्या ग्रूपवर नको, ज्याचं त्यालाच पाठवा.