मानसिक आरोग्यावर गटात कार्यक्रम घ्यायचाय. तज्ज्ञांचं व्याख्यान ठेवलं तर लोक येतील का?

येतील की. पुढच्या दोन रांगा सोडून मागे बसतील, आणि ‘काही प्रश्न?’ म्हटल्यावर एकही हात वर होणार नाही. मी बरीच वर्षं स्वयंसेवक म्हणून अशी सत्रं घेतोय आणि सुरुवातीला हेच करत होतो.

एकदा फलकावर ‘नैराश्य : लक्षणे व उपचार’ असं ठळक लिहिलं होतं. सगळे पांगल्यावर एक गृहस्थ खुर्च्या आवरायला थांबले. खुर्चीत खुर्ची अडकवत, माझ्याकडे न बघता म्हणाले, “पहाटे तीनला जाग येते हो. मग उजाडेपर्यंत डोक्यात तेच ते.” तासभर त्यांनी लक्षणं ऐकली होती, त्यात हेही होतं. पण ‘नैराश्य’ हा शब्द त्यांना स्वतःचा वाटलाच नव्हता. पुढच्या वेळी फलकावर मी ‘झोप लागत नाही?’ एवढंच लिहिलं.

झिंबाब्वेत २००६ च्या सुमारास डॉ. डिक्सन चिबांडा यांनी साध्या आजीबाईंना प्रशिक्षण देऊन दवाखान्याबाहेरच्या बाकांवर बसवलं. ‘मानसिक आरोग्याचा बाक’ म्हटल्यावर तिकडे कोणी फिरकेना. नाव ‘मैत्रीचा बाक’ झालं, तेव्हा लोक येऊन बसू लागले. आज्या ‘डिप्रेशन’ म्हणत नसत. तिथल्या शोना भाषेतला ‘कुफुंगिसिसा’, म्हणजे फार विचार करत बसणं, हा शब्द वापरत. २०१६ साली ५७३ जणांवरच्या चाचणीचे निष्कर्ष आले. सहा महिन्यांनी बाकावर बसलेल्यांचा त्रास इतरांपेक्षा स्पष्टपणे कमी होता.

म्हणून आजारांची नावं शिकवायच्या मागे लागू नका. ऐकायला शिकवा. मी जोड्या पाडतो. एकाने दोन मिनिटं बोलायचं, दुसऱ्याने फक्त ऐकायचं. सल्ला नाही, ‘माझंही असंच झालं होतं’ नाही. चाळीस सेकंदांतच निम्म्यांच्या तोंडून ‘अहो पण तुम्ही असं का नाही करत’ निघतं आणि सगळे हसतात. सत्रातला सगळ्यात उपयोगी क्षण हाच! एवढं जमलं तर तज्ज्ञांना बोलवा. तेव्हा लोक प्रश्न घेऊन येतात.

एक गोष्ट मात्र तज्ज्ञांकडूनच नीट समजावून घ्या. कुणी जगण्याला कंटाळल्यासारखं बोलू लागलं, तर ‘जीव द्यावासा वाटतो का?’ असं सरळ विचारावं. विचारल्याने ते डोक्यात भरतं हा गैरसमज आहे. उत्तर ‘हो’ आलं तर त्या व्यक्तीला एकटं सोडू नये आणि मदत येईपर्यंत सोबत बसावं.

समुपदेशन करायला मात्र जाऊ नका, ते आपलं काम नाही. गटात बोललेलं बाहेर न्यायचं नाही, हे सुरुवातीलाच सांगा. (कोणीतरी नेतंच. म्हणून जे गावभर झालं तरी चालेल तेवढंच गटात बोला, असंही मी सांगतो.)

शेवटी प्रत्येकाला एक चिठ्ठी द्या. त्यावर जवळचे मानसोपचारतज्ज्ञ, समुपदेशक आणि हेल्पलाइनचा क्रमांक लिहा. तो क्रमांक आधी स्वतः लावून बघा. मी एकदा सत्रात सगळ्यांना बंद पडलेला क्रमांक वाटला होता.