दाने नव्हे, दाणे

नागपूरच्या एका ताईंनी विचारलंय: मुलीला तीन दिवस ताप होता, तो उतरला अन् अंगभर बारीक लाल पुरळ उठलं. पुण्याच्या नणंदेला फोनवर 'अंगावर दाने आले' म्हटलं, तर ती म्हणाली, ही हिंदी झाली. मराठीत 'पित्त उठलं' म्हणतात. बरोबर कोण?

ताई, नणंदबाई चुकल्या. हे 'पित्त उठलं' मी नागपुरातल्या बर्डीच्या औषधाच्या दुकानापासून लग्नाच्या पंगतीपर्यंत ऐकतो अन् दरवेळी चिडतो. पित्त उठतं तेव्हा अंगावर गांधी येतात. त्या फुगीर असतात, खाजतात, काही तासांत इथल्या जिरतात अन् तिथे नव्या उठतात. तापामागून आलेलं बारीक पुरळ म्हणजे पित्त नव्हे. गोवराला पित्त समजून लेकराला आमसुलाचं पाणी चोळत बसलेली घरं मी पाहिली आहेत. गोवर म्हणजे वैद्यांची रोमान्तिका, अन् माधवनिदान या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात तिला विशेषण दिलंय 'ज्वरपूर्विका', आधी ताप अन् मग पुरळ. इतका नेमका शब्द हाताशी असताना आपण सगळ्यालाच 'पित्त' म्हणतो!

पुरळ, फोड, पुटकुळी हे तुम्हाला ठाऊकच आहे. मला बोलायचंय ते दाण्यांबद्दल.

अंगावर उठलेल्या गोष्टीला धान्याचं नाव देणं ही आपली फार जुनी रीत आहे. देवीच्या रोगाला संस्कृतात मसूरिका म्हणतात, मसुरीवरून. सुश्रुतात मोहरीएवढ्या पुळीला सर्षपिका म्हटलंय, जवासारखी दिसते ती यवप्रख्या. उडदासारखा काळा, उंच तो मषक. माष म्हणजे उडीद, अन् आपला 'मस' तोच. हनुवटीवरच्या तिळाला तर आजही आपण तीळच म्हणतो, तिथे कुणाला हिंदी आठवत नाही. लॅटिनमध्येही मसूर म्हणजे 'लेन्स', त्यावरून त्वचेवरच्या डागाला 'लेंटिगो', अन् चष्म्याच्या भिंगालाही तेच नाव. नागपुरातल्या महाल भागातल्या घरी माझ्या आजीने एकदा तळहातावर अख्खी मसूर ठेवून धाकट्या भावाच्या कपाळावरच्या कांजिणीशेजारी धरली होती. तोच आकार, तोच चपटा फुगवटा. नाव कसं पडलं असेल ते मला त्या दिवशी कळलं.

आता 'दाणा'. फारसीत 'दाना' आहे, म्हणून शब्द फारसीतून आला असं सांगून पुष्कळ जाणकार मोकळे होतात. मला ते मुळीच पटत नाही. संस्कृतात 'धाना' आहे, भाजलेलं धान्य, अन् फारसी 'दाना' त्याची सख्खी बहीण. मराठीत दोन स्वरांमधला संस्कृत न ण होतो: पानीयचं पाणी, स्थानचं ठाणं. जोडाक्षरातला न मात्र टिकतो, म्हणून 'धान्य'चं 'धान'. भंडारा-गोंदियाकडे आजही शेतात धान असतं, 'धाण' नाही. मग 'दाणा'तला ण आला कुठून? 'निशाण' अन् 'दिवाण' दाखवून म्हणतील, फारसी शब्दही ण घेतात. मग दुकान, जमीन, मैदान, सामान यांनी का घेतला नाही? ध चा द झाला, ही माझ्या बाजूची लंगडी जागा, तेवढी मान्य. तिथे फारसीचा हात असेल. पण ण आपल्या जिभेचा आहे, अन् तो धानाच्या आठवणीतून आलाय यावर मी ठाम आहे.

तेव्हा ताई, शब्द तुमचाच बरोबर. हिंदी आहे तो फक्त न. 'दाणे आले' म्हणा, नाहीतर 'पुरळ उठलं' म्हणा. अन् लेकीला अजून डॉक्टरांकडे नेलं नसेल तर आजच न्या. तिथे सांगताना ताप कधी आला, कधी उतरला अन् दाणे आधी कुठे दिसले, कानामागे, तोंडावर की पोटावर, हे क्रमाने सांगा.