इंदूरमध्ये सावलीच्या बॉर्डरसाठी ह्यूकेराच्या कुठल्या रंगीत व्हरायटी घ्याव्या?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा की इंदूरला घराच्या उत्तरेला, भिंत आणि कंपाउंडच्या मध्ये लांबट सावलीची पट्टी आहे, आणि रीलमध्ये बघितलेले ते जांभळ्या-केशरी-पोपटी पानांचे ह्यूकेरा तिथे बॉर्डरला ओळीने लावायचेत, तर व्हरायटी कुठल्या. मी पण इंदूरचीच, सुदामा नगरला राहते, घराच्या दोन बाजूंना सावलीच सावली आहे, म्हणून जरा लांबलचक लिहितेय, चहा घेऊन बसा.

आधी वाईट बातमी देऊन टाकते. ह्यूकेरा आपल्या जमिनीत बारा महिने काढेल असं झाड नाही. ते मूळ उत्तर अमेरिकेतलं, तिकडे कोरल बेल्स म्हणतात, रानात खडकांच्या फटींत आणि झाडीतल्या उतारांवर उगवतं, म्हणजे मुळाशी पाणी थांबत नाही आणि रात्री गारवा. आपल्याकडे मेमध्ये पारा ४२-४३ ला जातो, मग पाऊस लागला की काळी माती चिकट चिखल होऊन वाळायचं नाव घेत नाही. ह्यूकेराची सगळी पानं मधल्या एका बुडख्यातून फुटतात आणि तो बुडखा गरम-ओल्या मातीत सडतो, वरून पानं बरी दिसत असतात आणि एक दिवस वाळलं पान काढायला जावं तर अख्खा झुपका हातात येतो. लेबलवर ‘झोन ४ ते ९’ असं काहीतरी असतं ते बघून लोक खूश होतात, पण तो आकडा हिवाळ्यात किती थंडी सोसेल एवढंच सांगतो, उन्हाळ्याचं त्यात काही नसतं. इंदूरच्या थंडीचं ह्यूकेराला काहीच नाही, त्याला मारतात ते मे आणि जुलै.

तरी हौस आहेच तर थंडीचं सिझनल समजून कुंडीत ठेवा, पिटुनिया-डायंथस ठेवतो तसंच, नोव्हेंबर ते मार्च. कुंड्या पट्टीत अर्ध्या गाडल्या की जमिनीतच लावल्यासारखं दिसतं. एप्रिल लागला की उचलून सगळ्यात गार कोपऱ्यात न्या, पावसात छपराखाली ठेवा, आणि जगलं तर जगलं.

व्हरायटी निवडताना फोटो बाजूला ठेवा आणि त्याचे आईबाप बघा. बाजारातले ह्यूकेरा बहुतेक संकर आहेत, आणि ज्यांच्यात विलोसा नावाच्या जातीचं रक्त आहे ते गरमी आणि दमटपणा बाकीच्यांपेक्षा बरे सोसतात, कारण विलोसा अमेरिकेच्या दक्षिण-पूर्व भागातली, तिथे उन्हाळा घाम काढणारा असतो. त्यांची पानं मोठी आणि लवदार असतात. फ्रान्समधून आलेले कॅरमेल आणि सिट्रोनेल हे विलोसाचे, पहिला जर्दाळूच्या रंगाचा, दुसरा लिंबासारखा पिवळा. ऑरेगनच्या टेरा नोव्हा नर्सरीचे जॉर्जिया पीच आणि सदर्न कम्फर्ट पण त्यातलेच. माझी धाकटी जाऊ पोर्टलंडजवळ राहते, तिच्या दारात तर हे सगळे कोबीएवढाले झालेत आणि तिला त्याचं काही कौतुकच नाही, तिकडची हवाच तशी आहे. ऑब्सिडियन म्हणून जवळजवळ काळा एक असतो आणि प्लम पुडिंग नावाचा जांभळ्यावर चंदेरी झाक असलेला, फोटोत सगळ्यात जास्त लाइक यांनाच मिळतात. जुना पॅलेस पर्पल लंडनच्या क्यू गार्डनमधून पुढे आलेला, १९९१ मध्ये अमेरिकेत तो ‘पेरेनियल प्लांट ऑफ द इयर’ ठरला आणि रंगीत पानांच्या ह्यूकेराची लाट तिथून जोरात उठली.

आता माझा खरा मुद्दा, आणि हा ह्यूकेरालाच नाही, सावलीत लावायच्या कुठल्याही रंगीत पानाला लागू आहे. सावलीत रंग नंतर, आधी उजेड बघायचा, म्हणजे पान किती फिकं आणि किती गडद. ते सगळे फोटो उजेडात काढलेले असतात, मागून सूर्य आला की गडद जांभळं पान माणकासारखं पेटतं, पण तेच पान भिंतीच्या सावलीत काळ्या मातीवर ठेवलं की आठ फुटांवरून दिसतच नाही, तिथे काही लावलंय की नाही तेच कळत नाही. वर जांभळ्या पानाला रंग धरायला थोडा उजेड लागतोच, दाट सावलीत तो मातकट हिरव्याकडे झुकतो. पोपटी, लिंबू, चंदेरी, पांढरट पानांचं उलटं, ती सावलीतच उठून दिसतात आणि दुपारच्या उन्हात कडेने करपतात. म्हणून माझा हिशोब असा की पट्टीत निम्म्याहून जास्त झाडं फिक्या पानांची ठेवायची, जांभळं-काळं फक्त त्यांच्या मध्ये मध्ये, पोपटीला पोपटीपणा यावा म्हणून, आणि तेही जिथे सकाळचा उजेड येतो तिथेच. एकेक नमुना लावत गेलात तर नर्सरीचा काउंटर दिसेल, एकाच रंगाची तीन-चार रोपं जवळजवळ आणि थोड्या अंतरावर तेच परत, असं केलं की बॉर्डर वाटते.

आणि तुम्ही उत्तरेची बाजू म्हणजे कायमची सावली असं धरून चाललात, ते एकदा तपासा. इंदूर कर्कवृत्ताच्या थोडं खाली आहे, कर्कवृत्त आपल्या वर उज्जैनच्या आसपासून जातं. त्यामुळे जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून जुलैच्या सुरुवातीपर्यंत सूर्य भरदुपारीसुद्धा डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. तेव्हा निदान ढग तरी असतात, खरा त्रास मेमध्ये, उत्तरेच्या भिंतीवर सकाळी साडेनऊ-दहापर्यंत ऊन असतं आणि दुपारी तीननंतर परत येतं, म्हणजे दिवसातलं सगळ्यात तापलेलं ऊन नेमकं तुमच्या त्या ‘सावलीच्या’ पट्टीवर. डिसेंबरमध्ये तिथे ऊन शिवतही नाही, आणि लोक जागा बघून झाडं ठरवतात थंडीत, मग मेमध्ये नर्सरीवाल्याला शिव्या. मेमध्ये चार वाजता बाहेर जाऊन ऊन कुठपर्यंत येतं तिथे खडूने रेघ मारून ठेवा, पोपटी-पांढरं सगळं त्या रेघेच्या आत, सावलीच्या बाजूला. पश्चिमेच्या टोकाला एखादं उंच झुडूप किंवा हिरवी नेट असली तर अर्धं काम झालं.

मग जमिनीत ह्यूकेराच्या जागी काय. पहिला नंबर कोलियस, यात मी कुणाचं ऐकणार नाही. पोपटी, किरमिजी, गुलाबी मधोमध आणि हिरवी कड, जेवढे रंग ह्यूकेरात आहेत तेवढे यातही आहेत आणि किंमत त्याच्यापुढे काहीच नाही. पावसाळ्यात माजतो नुसता. शेंडे खुडत राहायचं, फुलांचा तुरा दिसला की काढायचा नाहीतर झाड लांबुळकं होऊन पानं बारीक पडतात. रात्री १० अंशांच्या खाली गेल्या की तो रुसतो आणि पानं गाळतो, म्हणून दिवाळीच्या सुमारास चार चांगल्या कांड्या पाण्याच्या बाटलीत खिडकीशी ठेवा, मुळं लगेच येतात, फेब्रुवारी संपता संपता परत लावायच्या. आणि बघा, कोलियस मान टाकतो थंडीत, ह्यूकेराची कुंडी चालते थंडीतच, त्यामुळे एकाच जागेवर दोघांची पाळी लावता येते.

कॅलेडियमचे कंद एप्रिल-मेमध्ये लावा, पावसाळाभर पानं राहतात आणि थंडी लागली की वरून सगळं वाळून जातं, तेव्हा मेलं म्हणून कंद उपटून फेकू नका. पांढरं पान आणि हिरव्या शिरा असलेला कॅलेडियम संध्याकाळी दिवा लावायच्या वेळी जो काय दिसतो ना, बाकी सगळी झाडं अंधारात गेलेली असतात आणि हा एकटा दिसत असतो.

वर्षभर जागा धरून ठेवायला रियो, त्यातला बुटका गुलाबी-पांढऱ्या पट्ट्यांचा घ्या, पानाच्या खालून जांभळा असतो, आणि तो मे पण काढतो, जानेवारी पण. त्याच्या मागे स्पायडर प्लांट आणि फिक्या पानाचं सिंगोनियम. जमिनीलगत पसरायला हेमिग्राफिस, त्याचं पान सुरकुतलेलं, वरून शिसवी-राखाडी आणि खालून वांगी रंगाचं, पॅलेस पर्पलची आठवण येते ती याच्यावरून, फक्त वर सांगितलं तसं थोड्या उजेडात. पर्शियन शील्ड मिळाली तर एक जरूर घ्या, जांभळ्या पानावर चंदेरी चमक, प्लम पुडिंगची हौस तिथे भागेल, पण ती उंच होते, खुडत राहावं लागतं. अग्लोनिमा सुंदर असतात पण थंडीला नाजूक, त्यांना कुंडीतच ठेवा. रेक्स बेगोनिया दिसायला ह्यूकेराच्या सगळ्यात जवळचा, आणि मूळ जात आपल्या आसामकडचीच, पण तिकडची ओलसर हवा कुठे आणि आपला एप्रिलमधला कोरडा वारा कुठे, पानाच्या कडा कागदासारख्या होतात, त्यामुळे तोही कुंडीत आणि आडोशाला. सेटक्रेशिया म्हणून ते जांभळं लोंबणारं नर्सरीवाला ‘सावलीत चलेगा मॅडम’ म्हणून देईल, चालतं, पण सावलीत जांभळं राहत नाही, हिरवट होतं.

मातीचं थोडक्यात. काळ्या मातीत खड्डा करून लावू नका, खड्ड्यात पाणी साठतं. पट्टी सहा-आठ इंच वर उचला, विटांची एक ओळ लावून, आणि आत तीच माती, जाड रेती आणि चांगलं कुजलेलं शेणखत मिसळा. ह्यूकेराच्या कुंडीत तर रेती आणि बारीक गिट्टी आणखी जास्त, बुडखा मातीच्या वरच ठेवायचा, गाडायचा नाही, आणि पाणी पानांवर न घालता कडेने. बोअरचं पाणी जड असेल तर कुंडीवर पांढरा थर येतो, जमेल तेव्हा नर्मदेचं किंवा पावसाचं पाणी द्या. पावसाळ्यात गोगलगायी कोलियसची चाळण करतात, रात्री टॉर्च घेऊन वेचणं हा एकच उपाय मला पटलाय. मिलीबग, म्हणजे ती पांढरी कापसासारखी कीड, दिसला तर कापसाला स्पिरिट लावून पुसायचा.

ऑनलाइन जे निळ्या आणि इंद्रधनुषी ह्यूकेराच्या बियांची पाकिटं दिसतात त्यांच्या नादी लागू नका, निळ्या पानाचा ह्यूकेरा नसतोच. नावाच्या व्हरायटी बीपासून तशाच्या तशा येत नाहीत, त्या टिश्यू कल्चरने (प्रयोगशाळेत झाडाच्या बारीक तुकड्यापासून रोपं करून) किंवा झुपका फोडूनच वाढवतात. पॅलेस पर्पल बीपासून होतो, पण त्यात कुणी जांभळं, कुणी हिरवट असं निघतं, चांगली चांगली निवडून घ्यायची. बी धुळीसारखं बारीक असतं, मातीने झाकायचं नाही, उजेड लागतो त्याला, आपल्याकडे ऑक्टोबर संपताना पेरलेलं बरं. आणि परदेशातून कुणी येतंय म्हणून बॅगेत रोप मागवायचा विचार असेल तर तो सोडा, २००३ च्या प्लांट क्वारंटाइन ऑर्डरप्रमाणे रोपाला आयात परवाना आणि तिकडचं फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट, म्हणजे रोपाला कीड-रोग नसल्याचा सरकारी दाखला, लागतं, एअरपोर्टवर काढून घेतील.

घरात रांगतं मूल किंवा कुत्रं असेल तर कॅलेडियम, सिंगोनियम आणि अग्लोनिमा बॉर्डरच्या पुढच्या ओळीत लावू नका, पान चावलं तर तोंडाची आग होते आणि सूज येते. रियोचा चीक पण खाजतो. तसं असेल तर पुढे हेमिग्राफिस आणि स्पायडर प्लांट घ्या आणि बाकीचं मागे, भिंतीलगत. पट्टीची रुंदी किती आहे ते लिहिलंत तर ओळी कशा लावायच्या तेही सांगते.