गावाला बाप कसा असेल?

प्रश्न : बायबलमधील ‘पहिला इतिहास’ या ग्रंथाचे पहिले नऊ अध्याय मी दोनदा वाचायला घेतले आणि दोन्ही वेळा नावांच्या गर्दीत अडकून सोडून दिले. त्यांत सल्मा नावाच्या माणसाला ‘बेथलेहेमाचा बाप’ म्हटले आहे. माणूस गावाचा बाप कसा? अशा वंशावळी खऱ्या मानायच्या का?

उत्तर : आपण नेमक्या जागी अडकलात, कारण या वंशावळींची किल्ली त्याच शब्दात आहे. हिब्रूतील ‘बेन’ म्हणजे मुलगा, पण नातू, वंशज, एखाद्या कुळाचा किंवा गावाचा माणूस हे अर्थही त्यातच येतात. आपल्या कोकणातल्या ‘बेने इस्राएल’ समाजाच्या नावात हाच शब्द आहे. तसाच ‘बाप’ म्हणजे गाव वसवणारा किंवा ज्याच्या कुळाकडे ते गाव आहे तो. म्हणून त्याच अध्यायात किर्याथ-यारीमलाही शोबाल नावाचा बाप आहे.

याचा पुरावा जमिनीतूनही मिळाला आहे. बायबलच्याच ‘गणना’ ग्रंथात इस्राएलातील मनश्शे वंशाच्या सलाफहादाला मुलगा नसल्याने त्याच्या पाच मुली इस्राएलाचा नेता मोशे याच्यापुढे उभ्या राहून बापाच्या जमिनीचा वाटा मागतात आणि तो त्यांना मिळतो. त्यांपैकी दोघी होग्ला आणि नोआ. १९१० साली प्राचीन इस्राएल राज्याची राजधानी शोमरोन हिच्या उत्खननात इ.स.पू. आठव्या शतकातील, शाईने लिहिलेली खापरे सापडली. राजधानीत आलेल्या तेलाच्या आणि द्राक्षारसाच्या त्या नोंदींत माल कोठून आला ते सांगताना होग्ला आणि नोआ ही मुलखांची नावे म्हणून येतात. शखेम, शमीदा, हेलेक ही त्याच वंशावळीतली ‘माणसे’ही तशीच येतात. त्या बहिणी झाल्याच नाहीत असे यावरून म्हणणे घाईचे होईल. पण ही वंशावळ वाचणाऱ्याला मनश्शेच्या मुलखाचा नकाशाच वाचायला मिळत होता, हे मला निर्विवाद वाटते.

त्यामुळे पिढ्या मोजून वर्षांचा हिशेब करू नये. याजक (पुरोहित) एज्रा याची वंशावळ मोशेचा भाऊ आणि याजकांचा मूळपुरुष अहरोन याच्यापर्यंत जाते, पण ‘पहिला इतिहास’मधील यादीशी ताडून पाहिल्यास तिच्या मधल्या भागात सलग सहा नावे नाहीत. याजकपदाचा हक्क दाखवायला मूळपुरुषाशी जोडणारा धागा पुरेसा होता.

हा हक्क मात्र केवळ मानापुरता नव्हता. बाबेलच्या (बॅबिलोनच्या) बंदिवासातून परतलेल्यांपैकी हबया, हक्कोस आणि बर्जिल्लै या तीन घराण्यांना आपल्या वंशावळीची नोंद सापडली नाही. त्यांना याजकपणातून वगळण्यात आले आणि उरीम व थुम्मीम (देवाचा कौल घेण्याची साधने) धारण करणारा याजक उभा राहीपर्यंत परमपवित्र पदार्थ, म्हणजे अर्पणांतला याजकांचा वाटा, खाऊ नयेत, असे अधिपतीने बजावले. यांतले हक्कोस हे नाव ‘पहिला इतिहास’च्या चोविसाव्या अध्यायात याजकांच्या २४ वर्गांपैकी सातव्या वर्गाचे म्हणून नोंदलेले आहे. आपण सोडून दिलेल्या नऊ अध्यायांतला सहावा, म्हणजे ज्यातून याजक येत त्या लेवीच्या वंशाचा, अध्याय या घराण्यांची आठवण ठेवून पुन्हा वाचावा.