कर-सल्ला : नावाने कन्सल्टंट, कामाने नोकरदार?

प्रश्न : मी सॉफ्टवेअर कंपनीत ‘कन्सल्टंट’ आहे. दरमहा ठरावीक दीड लाख रुपये मिळतात, त्यातून प्राप्तिकर कायद्याच्या कलम १९४ जे (व्यावसायिक फी) खाली १० टक्के टीडीएस (पैसे देतानाच कापायचा कर) कापतात. वेळ दहा ते सात, लॅपटॉप कंपनीचा, रजा मॅनेजरकडून मंजूर करून घ्यावी लागते, बाहेरचं काम घ्यायला मनाई. सहकारी म्हणतात, कलम ४४ एडीए (व्यावसायिकांना जमेच्या निम्मी रक्कम उत्पन्न धरू देणारी सोय) लावून निम्मंच उत्पन्न दाखव. चालेल का?

उत्तर : आधी हिशेब बघा, म्हणजे सहकाऱ्यांना मोह का होतो ते कळेल. आर्थिक वर्ष २०२५-२६, नवी करप्रणाली, वर्षाचे १८ लाख. पगार धरला तर ७५,००० ची प्रमाणित वजावट जाऊन १७.२५ लाखांवर उपकरासह १,५०,८०० रुपये कर. ४४ एडीए धरलं तर उत्पन्न ९ लाख आणि कलम ८७ ए च्या (ठरावीक मर्यादेतल्या उत्पन्नाला मिळणाऱ्या) करसवलतीमुळे कर शून्य! कापलेले १,८०,००० सगळे परत. एवढा फरक असला की अधिकारी प्रश्न विचारणारच.

आणि तुम्ही लिहिलेल्या तपशिलावरून ही नोकरीच दिसते. करारावरचं नाव किंवा टीडीएसचं कलम निर्णायक नसतं. काम काय करायचं एवढंच नव्हे, तर ते कसं करायचं हे सांगण्याचा अधिकार कोणाकडे आहे, ही मुख्य कसोटी. धरांगध्रा केमिकल वर्क्सच्या १९५७ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने याच कसोटीवर मिठागरातल्या अगारियांना (मीठ पिकवणाऱ्यांना) कामगार ठरवलं. ते मदतीला स्वतःची माणसं घेत, तरीही. तो वाद कामगार कायद्याचा होता, पण करप्रकरणांतही हीच कसोटी लावतात.

नुसत्या लॅपटॉपवरून काही सिद्ध होत नाही. डेटा सुरक्षेसाठी कंपन्या बाहेरच्यांनाही आपलंच यंत्र देतात. पण ठरावीक वेळ, मंजुरीची रजा, एकच ग्राहक आणि काम झालं-न झालं तरी तेच पैसे, हे सगळं एकत्र आलं की पारडं नोकरीकडे झुकतं. याउलट आपल्या जागी दुसरा माणूस पाठवता येत असेल, चुकलेलं काम स्वखर्चाने करून द्यावं लागत असेल, बिल कामागणिक निघत असेल, तर व्यवसाय म्हणता येईल.

एचआरकडे लेखी मागणी करा : कलम १९२ खाली पगार म्हणून टीडीएस कापा आणि फॉर्म १६ (पगार आणि कापलेल्या कराचा दाखला) द्या. जोखीम कंपनीचीही आहे. पगार धरून टीडीएस कमी कापला गेला असं ठरलं (तुमच्या आकड्यांत तो जास्तच कापला आहे), तर त्या फरकावर दरमहा १ टक्का व्याज तिला भरावं लागतं. तुम्ही ४४ एडीए लावलंत आणि ते टिकलं नाही, तर कर, व्याज आणि वर कमी दाखवलेल्या उत्पन्नाच्या करावर ५० टक्के दंड होऊ शकतो. शिवाय व्यावसायिक म्हणवून घेतलंत की उलाढाल २० लाखांपुढे जाताच जीएसटी नोंदणी आली. पगारावर जीएसटी नाही. पीएफ, ग्रॅच्युइटीचं नुकसान वेगळंच.

(१ एप्रिल २०२६ पासून नव्या प्राप्तिकर कायद्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत, २०२५-२६ चं विवरणपत्र मात्र जुन्याच कायद्याखाली.)

प्रश्न : मी नोकरदार इंजिनिअर आहे, सुट्टीच्या दिवशी इतरांना डिझाइन करून देतो. दोन्ही एकत्र दाखवता येतं?

उत्तर : हो. प्रत्येक नातं स्वतंत्र तपासतात. पगार पगारात, डिझाइनची फी ४४ एडीए खाली. एकूण उत्पन्न ५० लाखांपर्यंत असेल आणि इतर अटी बसत असतील तर आयटीआर-४ हा विवरणपत्राचा नमुना चालेल. फीवरचा आगाऊ कर १५ मार्चपर्यंत एकाच हप्त्यात भरता येतो. नोकरीच्या करारात बाहेरच्या कामाला बंदी नाही ना, तेवढं वाचून घ्या.