फॉर्ममधून नाव आणि ईमेल सर्व्हरवर पोचतात, पण मोबाइल नंबर रिकामा येतो. काय चुकतंय?

कोड न बघताच पैज लावतो, त्या इनपुटला, म्हणजे नंबर भरायच्या रकान्याला, तुम्ही नेम (HTML मधलं name) दिलेलं नाही. आयडी (id) दिला असेल, म्हणून काम झालं असं वाटतं. पण आयडी पानाच्या आतल्या कामाचा: लेबल जोडायला, सजावटीला, जावास्क्रिप्टला. सर्व्हरकडे माहिती पाठवताना ब्राउझर नेम बघतो. नेम नसेल तर तो रकाना गुपचूप गाळतो, एररसुद्धा देत नाही.

हे मी इंदूरला गणेशोत्सवात शिकलो. आमच्या मंडळाच्या पाठांतर स्पर्धेसाठी हौसेनं फॉर्म केला. मुलांची नावं आली, वयं आली, पालकांचा फोन एकाचाही नाही! मग रामबागपासून सुदामानगरपर्यंत स्कूटरवरून घरोघर. एक काकू म्हणाल्या, "अरे, एवढं फिरायचंच होतं तर वहीच घेऊन आला असतास!"

आता हात घातलाच आहे तर त्या रकान्याचा टाइपही बघा. पुष्कळजण 'नंबर' ठेवतात. तो मोजायच्या आकड्यांसाठी असतो. चुकून वरचा बाण दाबला गेला तर फोन नंबर एकानं वाढतो. 'टेल' (tel) ठेवा, मोबाइलवर अंकांचा कीपॅड उघडतो. मात्र 'टेल' स्वतः काहीच तपासत नाही, दहा अंकांची अट पॅटर्नमध्ये (pattern, म्हणजे रकान्यात काय चालेल त्याचा साचा) घालावी लागते. माझ्या पॅटर्नमध्ये फक्त इंग्रजी अंक होते, त्यामुळे देवनागरीत नंबर लिहिणाऱ्या एका आजोबांना फॉर्म पुढेच जाऊ देईना. चूक माझी होती. तेव्हापासून दोन्ही अंक चालू देतो आणि सर्व्हरवर बदलून घेतो. तसंही ब्राउझरमधली तपासणी कुणीही चुकवू शकतो, सर्व्हरवर पुन्हा तपासायचंच.

फॉर्म टॅगमध्ये मेथड (method, माहिती पाठवायची पद्धत) लिहिली नसेल तर ब्राउझर गेट (GET) धरतो, म्हणजे माहिती पत्त्याला जोडून पाठवतो, आणि लोकांचे नंबर ॲड्रेस बारमध्ये, हिस्ट्रीत दिसत राहतात. तिथे पोस्ट (POST) लिहा. आणि हो, टिक न केलेला चेकबॉक्स काहीच पाठवत नाही, तो तसाच वागतो. त्यात दोष शोधत बसू नका, मी एक रात्र घालवलीय.

खात्री करायची सोपी युक्ती: पाचेक मिनिटांपुरती मेथड गेट करा, खोटी माहिती भरून सबमिट दाबा आणि ॲड्रेस बार वाचा. तिथे मोबाइलचा पत्ताच नसेल तर नेम राहिलंय, नाहीतर ते इनपुट फॉर्म टॅगच्या बाहेर पडलंय किंवा डिसेबल (बंद केलेलं) आहे. तिथे नंबर दिसतोय आणि सर्व्हरवरच रिकामा येतोय, तर नेमचं स्पेलिंग सर्व्हरच्या कोडमधल्या नावाशी ताडून बघा. लहान-मोठ्या अक्षराचा फरकही बहुतेक ठिकाणी चालत नाही.